दुपारचं पाणी

४ मार्च, बुधवार. सकाळी.

मीटर आला. पाण्यातले क्षार मोजणारा. पेनाएवढा, पांढरा, टोपणवाला. टोक पाण्यात बुडवायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. वाद मिटतो.

आजपासून ही रोजनिशी. फक्त पाण्याची. इथे आकडे लिहायचे, भावना लिहायच्या नाहीत.

पार्श्वभूमी एकदाच लिहितो. बायको म्हणते, घरातलं पाणी मचूळ आहे. मी म्हणतो, नाही. आम्ही दोघं एकाच नळाचं पितो, तेव्हा दोघांपैकी एक चुकत असणार. मी पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागाचा प्रमुख आहे. तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा: पुरावा काय? बहुतेक तक्रारी तिथेच विरतात. घरी वेगळा नियम का लावायचा? तिचं म्हणणं, एकदा दुपारी घरी थांबा आणि पिऊन बघा. मी म्हटलं, रविवारी थांबतोच की. ती म्हणाली, रविवारी तुम्ही बाटलीतलं पिता. मी म्हटलं, बाटलीतही पाणीच असतं. तिने बाटली फ्रिजमध्ये परत ठेवली.

परवा ती तिच्या ताईकडे गेली. हवापालट. मी संध्याकाळी आलो तर दार नुसतं ओढून घेतलेलं, लॅचवर. झोपण्याच्या खोलीतला पंखा चालू. मग फोन आला की काही दिवस इथेच राहते. 'काही' मोजता येत नाही. पण 'बरेच'पेक्षा कमी असतात.

स्वयंपाकघरातला नळ: १८०. पुस्तिकेप्रमाणे पाचशेपर्यंत निर्धोक.

म्हणजे मी बरोबर होतो.

४ मार्च. संध्याकाळी.

तिला फोन करून आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली. आनंद झाला असावा. तिच्या ताईकडे मिक्सर चालू होता, त्यामुळे नीट कळलं नाही.

नळ: २४०. सकाळपेक्षा साठ जास्त. दिवसभराचा शीण. माणसाला येतो तसा.

५ मार्च, गुरुवार.

तिच्या बाजूच्या टेबलावर पेला आहे. काचेचा. जाताना अर्धवट पिऊन ठेवला असावा. दोनतृतीयांश भरलेला. ओतून टाकणार होतो, पण हातात मीटर होता.

९६०.

पुन्हा घेतला. ९६०.

मीटर नळाखाली धरला. १८०. पेल्यात. ९६०.

नळ एक, घर एक. तरी तिच्या पेल्यातलं पाणी वेगळं. शक्यता: तिने काहीतरी विरघळवून घेतलं. औषध? साखर-मीठ? बरं वाटत नव्हतं का? बरं नसतं तर सांगितलं असतं. ती सगळं सांगते. फार सांगते.

पेला ओतायचा नाही. नमुना आहे. खोलीतलं काही हलवायचं नाही, पंखाही चालू राहू दे. ऑफिसात आम्ही यालाच 'जागेवरची पाहणी' म्हणतो.

७ मार्च, शनिवार.

पेला: १०५०.

बंद खोलीत ठेवलेलं पाणी आपोआप खारट होत नाही. मीटर बिघडला असावा. खात्री करायला समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांकडे गेलो. ते एकटेच राहतात, दार उघडायला वेळ लावतात. त्यांचं पाणी १८०. म्हणजे मीटर ठीक. त्यांनी विचारलं, वहिनी दिसत नाहीत? मी सांगितलं, हवापालट. ते म्हणाले, माझीही गेली होती हवापालटाला. मी विचारलं, कधी आल्या? त्यांनी चहा विचारला.

चहा: ६१०. त्यांना ते आवडलं नाही.

८ मार्च, रविवार.

सकाळी उठून फ्रिजमधल्या सहाही बाटल्या स्वतः भरल्या. तिच्याशिवाय घर अडत नाही, हे सिद्ध होत आहे. अंडी उकडली. पाण्याचा आकडा अंडी उकडण्याआधी आणि नंतर घेतला. अंडी जरा कच्ची राहिली, पण नोंद पक्की.

मुलीचा फोन आला. तिला मीटरचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, बाबा, तू आईला सॉरी म्हणालास का? मी विचारलं, कशाबद्दल? तिने फोन नवऱ्याकडे दिला. जावई बिचारा सज्जन. त्याने त्यांच्याकडच्या पाण्याची चौकशी करू दिली.

१० मार्च, मंगळवार.

पेला: १२३०.

आज एक गोष्ट लक्षात आली. पाणी कमी झालंय. गेल्या आठवड्यात पेल्यावरच्या फुलाच्या देठापर्यंत होतं. आता देठ कोरडा आहे.

मी प्यालो नाही. घरात दुसरं कुणी नाही.

११ मार्च, बुधवार.

मार्करने पेल्यावर रेघ मारली. बारीक, सहज दिसणार नाही अशी. पाणी बरोबर रेघेवर. निघताना दार दोनदा ओढून पाहिलं.

संध्याकाळी: पाणी रेघेखाली. फार नाही. एखादा घोट.

१३ मार्च, शुक्रवार.

पेला: १४९०. पाणी आणखी खाली.

विचारान्ती. तिच्याकडे घराची चावी आहे. मी सकाळी साडेआठला निघतो, संध्याकाळी सातला येतो. मधला वेळ मोकळा. ती येते. खोलीत बसते. एक घोट पिते. जाते.

ताईकडून इथपर्यंत बसने दोन तास. एका घोटासाठी येऊनजाऊन चार तास. अव्यवहार्य, पण ती कधी व्यवहारी नव्हती.

आकडा का वाढतो, हा प्रश्न राहतो. पिण्याने पाणी कमी होईल, खारट कसं होईल? हे शास्त्रात बसत नाही. पण ती येते, हे बसतं. शास्त्र नंतर बघू.

एकूण प्रगती समाधानकारक.

१५ मार्च, रविवार.

आवराआवर. ती येत असेल तर घर नीट दिसायला हवं. ओट्यावरची भांडी घासली. एक करपलेली कढई मात्र कपाटात, मागे. तिच्या चपला दाराशी वाकड्या होत्या, सरळ करणार होतो. हात आखडता घेतला. आधी त्या कशा होत्या हे मला नक्की आठवत नाही. वाकड्याच होत्या, की कालपासून वाकड्या आहेत? हे लिहून ठेवायला हवं होतं.

तिच्या उशीला खड्डा आहे. हात लावला नाही. पाहणीची जागा.

१६ मार्च, सोमवार.

तिला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, आज दुपारी कुठे होतीस? ताईकडे, कुठे असणार, असं म्हणाली. उत्तर फार पटकन आलं. खऱ्या उत्तराला माणूस वेळ घेतो. तक्रार विभागात असताना इतकं तर कळतं.

मग तिने विचारलं, जेवलात का? मी म्हटलं हो. हेही पटकन म्हटलं.

पेला: १८८०.

१८ मार्च, बुधवार.

पेल्याशेजारी चिठ्ठी ठेवली. तिला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात: 'नळ, सकाळ १८०, संध्याकाळ २४०. निर्धोक. काळजी नसावी.' खाली सही. सही कशाला केली कळत नाही. सवय.

चहाचा कप धुऊन पालथा घातला. चहाची पूड, साखर पुढे काढून ठेवली. तिला करून घ्यायला.

संध्याकाळी: चिठ्ठी जागेवर, पण पंख्याच्या वाऱ्याने थोडी फिरलेली. पंख्यानेच फिरलेली असेल असं काही नाही. कप पालथाच. पाणी कमी.

म्हणजे तिने वाचलं, पटलं नाही, आणि चहा न पिता गेली. हा तिचा स्वभाव आहे. रागावली की चहा सोडते.

१९ मार्च, गुरुवार.

ऑफिसात आज एका बाईंचं पत्र आलं. पंखा चालू केला की त्यातून कुणीतरी नाव घेतल्यासारखा आवाज येतो. नेहमीचं उत्तर पाठवलं: आपली तक्रार नोंदवली आहे, कृपया पुरावा जोडावा. मग ते पाकिटातून परत काढलं. दुसरं लिहायला घेतलं. काय लिहायचं सुचलं नाही. शेवटी पहिलंच पाठवलं.

२० मार्च, शुक्रवार.

पेला: २८८०. आता फक्त दोन बोटं उरलंय. मीटरचं टोक जेमतेम बुडतं. आकडा पाहून मीटरच दचकला असावा, दोनदा बंद पडला.

संध्याकाळी दार उघडताना आत कुणीतरी "अहो" म्हटलं. स्पष्ट. 'अहो' कुठल्याही घरात ऐकू येतं. समोरच्यांकडचं असणार.

समोरचे एकटे राहतात, हे नंतर आठवलं.

चप्पल न काढता आत गेलो. स्वयंपाकघर, मोरी, झोपण्याची खोली. पंखा चालू. कुणी नाही. भिंतीतल्या पाइपमध्ये कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज. तो नेहमीच येतो, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, मला कधी ऐकू आला नाही.

आला.

२२ मार्च, रविवार.

निर्णय. मंगळवारी रजा. ऑफिसला निघाल्यासारखं निघायचं, चौकापर्यंत जायचं, परत यायचं. दाराशी खुर्ची टाकून बसायचं. ती आली की रागवायचं नाही. शांतपणे विचारायचं: पेल्यात काय टाकतेस?

हे पहिलं वाक्य बरोबर आहे का, याचा विचार केला. दुसरं सुचलं नाही. हेच.

साहेबांना घरी फोन करून रजेचं कारण 'घरगुती पाहणी' असं दिलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत तुम्ही एक दुपार घेतली नाही, घ्या की. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. माझ्या कानाला का खटकलं, कळत नाही.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.

योजनेप्रमाणे निघालो, परत आलो. वॉचमनने पाहिलं, पण मी फाइल विसरल्याचा अभिनय केला. घाईत आज बाटल्या भरायच्या राहिल्या. हरकत नाही. नळ आहे.

दाराकडे तोंड करून खुर्ची. मांडीवर मीटर.

११.

कुणी नाही. घर दिवसा असं दिसतं हे रविवारीही कधी लक्षात आलं नव्हतं. बैठकीत ऊन येतं. थेट तिच्या खुर्चीवर पडतं. ती खुर्ची खिडकीपासून हलवूया म्हणायची. मी म्हणायचो, ऊन कुठे येतं?

१२.१५.

खाली पंप सुरू झाला. घरघर भिंतीतून वर येते. पाइप खाकरतात. शुक्रवारी संध्याकाळी ऐकलं ते यापुढे काहीच नव्हतं.

जिन्यात पावलं. उठून उभा राहिलो. शर्ट नीट केला. पावलं वर गेली.

१.३०.

बसल्या बसल्या दाराच्या मागे पाहत होतो. खुंटीवर छत्रीची पिशवी आहे. पिशवीच्या बंदाखाली काहीतरी चमकतंय. उठून पाहिलं.

तिची चावी.

माझ्या डोळ्यांसमोर. या खुर्चीत याआधी मी कधी बसलो नव्हतो. म्हणून दार नुसतं लॅचवर ओढलेलं होतं. चावी ठेवून गेली.

शक्यता: दुसरी चावी करून घेतली असेल. ताईकडे जवळच चावीवाला आहे.

नाही. ही शक्यता लिहिली, पण ती शक्यता नाही.

१.५०.

झोपण्याच्या खोलीत जाऊन पेल्यापुढे बसलो. तळाशी बोटभर पाणी. वर पंखा. वाऱ्याने पाण्याला बारीक सुरकुत्या पडत होत्या. एकसारख्या. थांबत नव्हत्या.

आमच्याच कंपनीचा पंखा. पुस्तिकेत मी स्वतः वाक्य घातलंय: 'ओले कपडेही झटपट वाळतात.'

पाणी उडून जातं. क्षार उडत नाहीत. उरलेलं दिवसेंदिवस खारट होत जातं. शाळेत होतं हे. परीक्षेत मला यावर पूर्ण गुण होते.

कुणी येत नव्हतं. पंखा पीत होता.

२.१०.

तहान लागली. फ्रिजमध्ये बाटल्या रिकाम्या. नळाचं पेलाभर घेतलं, एका दमात प्यायला गेलो. दुसऱ्या घोटाला थांबलो.

मचूळ.

जिभेवर काहीतरी बसल्यासारखं. गिळलं तरी जात नाही.

मीटर: ९१०.

पुन्हा. ९१०.

पहिल्या दिवशी तिचा पेला ९६० होता. तोवर दोन-तीन दिवस पंख्याखाली होता. तिने काहीही टाकलं नव्हतं. नळाचंच पाणी होतं. दुपारचं.

२५ मार्च, बुधवार.

उशिरा निघालो. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, दुपारी टाकी रिकामी होते, मग बारा ते पाच बोअरवेलचं सोडतात, संध्याकाळी पुन्हा चांगलं. पूर्वीपासून असंच आहे. वर म्हणाला, बाईंना माहीत आहे की. त्या सकाळी सकाळी बाटल्या भरून ठेवायच्या ना. साहेबांना नुसतं गारच नाही, चांगलं पण लागतं, असं म्हणायच्या.

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

ऑफिसला उशीर झाला. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी फोन. ताईने उचलला. त्या म्हणाल्या, पाण्याचं असेल तर मलाच सांगा, मी कळवते. आतून हिचा आवाज आला, दे इकडे. सगळं ओळीने सांगितलं. पंप, बोअरवेल, बारा ते पाच, नऊशे दहा. सांगताना आवाज थोडा चढला, कारण शोध महत्त्वाचा होता. तुझी तक्रार बरोबर होती, असं स्पष्ट शब्दांत म्हणालो. असं मी ऑफिसातही सहसा म्हणत नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली,

"मीटरने सांगितलं का?"

मी म्हटलं हो. नंतर वाटलं, हे उत्तर वेगळं देता आलं असतं. पण पुढचा प्रश्न आला होता. तो तिने अगदी हळू विचारला.

"तुम्ही काल दुपारभर घरी थांबलात?"

"हो."

"कशासाठी?"

इथे मला वेळ होता. तिने घाई केली नाही. ताईकडचा मिक्सरही बंद होता. समोर पेला होता. दाराशी खुर्ची अजून तशीच होती, दाराकडे तोंड करून. जिन्यातल्या पावलांचं सांगता आलं असतं. शर्ट नीट केल्याचं सांगता आलं असतं.

"रीडिंग घ्यायला," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

या वेळी मिक्सर नव्हता. नीट ऐकू आलं. पहिल्या दिवशीचंही 'बरं' असंच होतं.

खरं उत्तर इथे लिहिता येईल. पण भावना लिहायच्या नाहीत असं ठरलं आहे.

२६ मार्च, गुरुवार.

खोलीतला पंखा बंद केला.

फार शांत झालं. इतके दिवस तो आवाज घरात कुणीतरी असल्यासारखा होता.

पेल्यात मोजण्याजोगं काही उरलं नव्हतं. ओतून टाकला, घासला. मार्करची रेघ निघाली. तळाशी पांढरं कडं राहिलं. साबणाने घासलं, राखेने घासलं, नखाने खरवडलं. निघत नाही. यावर मीटर चालत नाही, तो फक्त विरघळलेलं मोजतो.

असं कडं कशाने निघतं, तिला विचारायला हवं.